अळंबीचे कूळ : महाड-पोलादपूरच्या मातीतून वर्गीकरणाचा एक इतिहास

१/
२५ डिसेंबर १९२७. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड. सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. ठराव मांडला होता गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने वाचलेला आहे. त्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील एक शब्द मात्र सहसा कोणी वाचत नाही. द्विजांनी काय खाऊ नये याच्या यादीत लसूण, गृंजन आणि कांदा यांच्या पंक्तीला तो बसलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘कवक’.

२/
आज शालेय जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकात हाच शब्द एका संपूर्ण सृष्टीचे नाव म्हणून येतो. अळंबी, बुरशी, किण्व, गव्हावरचा तांबेरा हे सारे त्या सृष्टीचे घटक. अभक्ष्यांच्या यादीतून विज्ञानाच्या परिभाषेपर्यंत या शब्दाने केलेला प्रवास हाच या धाग्याचा विषय. जाता जाता एक प्रश्न सतत सोबत राहील : एखाद्या जिवाचे कूळ ठरवायचे कशावरून? तो कोठे जन्मला यावरून, दिसतो कसा यावरून, की आत घडला कसा यावरून?

३/
आधी स्थळ पाहू. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीला मिळते. एका बाजूस रायगड, दुसऱ्या बाजूस आंबेनळी आणि वरंध हे घाट. मध्ये भाताची खाचरे, वरकस उतारांवर नाचणी-वरी आणि गावोगावच्या देवराया. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. कुजणारा पाचोळा, ओली माती, उबदार हवा. कवकांना याहून अधिक काही लागत नाही.

४/
पावसाळ्यात या मुलखातील वारुळांच्या आसपास एके सकाळी जमीन भेगाळते आणि पांढुरक्या, टोकदार शिराच्या कळ्या वर येतात. दोन दिवसांत त्यांच्या छत्र्या होतात आणि आणखी दोन दिवसांत त्या सडून जातात. कोकणात ही अळंबी. गोव्याकडे ओळमी वा अळमी. पानात बांधलेले हे वाटे मटणाच्या तोडीचे मानले जातात. जी खाण्याची नव्हे ती ‘कुत्र्याची छत्री’. लोकव्यवहाराचे वर्गीकरण एवढे सुटसुटीत आहे : खावयाची आणि न खावयाची. ते भाबडे वाटेल. पण चुकले तर प्राण जातो, हे ध्यानात ठेवून त्याकडे पाहावे.

५/
आता पुन्हा ग्रंथांकडे. मनुस्मृतीत कवकांचा उल्लेख एकदाच येत नाही. पाचव्याच अध्यायात पुढे ‘छत्राक’ खाणाऱ्या द्विजास पतित ठरविले आहे, आणि सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने जमिनीतून उगवणारी कवके वर्ज्य करावीत असे सांगितले आहे. अरण्यात राहणाऱ्या तपस्व्याला ही तंबी द्यावी लागली, याचा सरळ अर्थ असा की अरण्यात लोक ती खात होते. निषेधाच्या याद्या इतिहासाच्या अभ्यासकाला अशा उलट्या बाजूने फार उपयोगी पडतात. कोणी न करणाऱ्या गोष्टीवर बंदी कोण घालील?

६/
बंदीचे कारणही तेथेच दिले आहे : अमेध्य, म्हणजे अपवित्र, ठिकाणी उत्पन्न होणारे ते सारे अभक्ष्य. निकष गुणाचा नाही, चवीचा नाही, विषाचाही नाही. निकष जन्मस्थानाचा आहे. कोठे जन्मला यावरून पंक्ती ठरणे. महाडच्या चवदार तळ्यावर त्याच वर्षी २० मार्चला जो प्रश्न उभा राहिला, त्याचे मूळ या विचारपद्धतीतच होते. परिषदेत कवकांची चर्चा झाली नव्हती, आणि होण्याचे कारणही नव्हते. माणसाचा प्रश्न पुढ्यात असताना छत्राकाची कोण फिकीर करतो! पण भाजीची जात आणि माणसाची जात एकाच मापाने मोजली जात होती, हे नजरेतून सुटू नये.

७/
येथे एक मौजेची गोष्ट. हाच जन्मस्थानाचा निकष सुश्रुतसंहितेतही आहे, पण त्याचे काम अगदी निराळे आहे. सूत्रस्थानाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायात अन्नपानाचा विचार करताना ‘उद्भिद’ शाकांचे पाच प्रकार दिले आहेत : पेंढ्यावर येणारे, उसावर येणारे, शेणावर येणारे, वेळूवर येणारे आणि जमिनीतून येणारे. अभ्यासक सामान्यतः यांना छत्रवर्गातील मानतात. पुढे प्रत्येकाचे गुण वेगळे सांगितले आहेत. पेंढ्यावरचे मधुर आणि दोष शमविणारे, जमिनीतले जड, इत्यादी.

८/
शेणावर उगवणारे म्हणून सुश्रुताने ते यादीतून हाकलले नाही. ते शेणावर येते, सबब त्याचे गुण असे, एवढेच तो म्हणतो. आधुनिक कवकशास्त्रही एखादा नमुना गोळा करताना पहिली नोंद हीच करते : आधार कोणता? लाकूड, माती, शेण की पालापाचोळा? कारण कवक आपले अन्न आधारातूनच घेते. पेंढ्यावर वाढणारी अळंबी तर आज शेतीचे पीक आहे. भारतात तिच्या लागवडीची यशस्वी सुरुवात १९४३ मध्ये कोइंबतूर येथे झाली. महाडच्या शेतकऱ्याच्या उडवीतील पेंढा आणि सुश्रुताचे ‘पलाल’ एकच.

९/
चरकाने आणखी एक भेद केला. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो म्हणतो की ‘सर्पच्छत्रक’ सोडून छत्राच्या इतर अनेक जाती थंड, मधुर, जड आणि पडसे आणणाऱ्या असतात. सापाची छत्री वगळा, मग उरलेल्यांविषयी बोलू. विषारी आणि खाद्य यांतील सीमारेषा वैद्याने आखलेली येथे दिसते. आपली ‘कुत्र्याची छत्री’ आणि चरकाची सापाची छत्री यांत प्राणी बदलला, सावधगिरी तीच राहिली. हिंदीतील ‘कुकुरमुत्ता’ हा शब्दही कुत्र्याशीच जाऊन भिडतो.

१०/
युरोपात तरी काय वेगळे होते? ग्रीक-रोमन जगात मेघगर्जनेने जमिनीतून कवके उपजतात अशी समजूत होती, आणि प्लुटार्कने तिची चर्चा केली आहे. बीज दिसत नाही, मूळ दिसत नाही, काल नव्हते ते आज आहे. मग जन्म कसा सांगायचा? हे कोडे सोडविले फ्लॉरेन्सच्या पिएर अँटोनियो मिकेली याने. १७२९ च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की बुरशीची सूक्ष्म धूळ खरबुजाच्या फोडींवर पेरली तर तीच बुरशी पुन्हा उगवते. ती धूळ म्हणजे बीजाणू. कवके आपोआप उपजत नाहीत, त्यांनाही आईबाप असतात, हे सिद्ध करणारा हा प्रयोग स्वयंपाकघरात करता येईल इतका साधा आहे.

११/
तरीही लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींची मांडणी केली तेव्हा कवकांना अगदी शेवटच्या, चोविसाव्या वर्गात ढकलले. ‘गुप्तविवाही’ वनस्पतींचा तो वर्ग. त्यात नेचे, शेवाळे, शैवाले आणि कवके एकाच खोलीत. त्यांना शिस्त लावली ती पर्सून याच्या १८०१ च्या ग्रंथाने आणि मुख्यतः स्वीडनच्या एलियास फ्रीस याने. १८२१ ते १८३२ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फ्रीसने छत्रांचे गट पाडताना बीजाणूंच्या रंगाला महत्त्वाचे स्थान दिले.

१२/
ही युक्ती समजून घ्या. ती आजही चालते. छत्रीचा दांडा कापून टाका. छत्री पालथी, म्हणजे पडदे खाली करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा आणि वर वाटी झाका. सकाळी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटलेली असते. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर येतो. तिच्याशी गल्लत होऊ शकणारे, गवताळ जागी येणारे एक मोठे पांढरे छत्र आहे, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. त्याचा ठसा हिरवट येतो. ते खाल्ले तर काही तासांत ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात. छत्र कोवळे असताना मात्र त्याचे पडदेही पांढरेच असतात, आणि घात होतो तो तेथे.

१३/
फ्रीसच्या कसोटीला मर्यादाही आहे. अमॅनिटा वंशातील प्राणघातक छत्रांचा ठसा पांढरा येतो, तसा अनेक निरुपद्रवी छत्रांचाही येतो. त्या विषाचे वैशिष्ट्य असे की सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग त्रास होतो, मध्ये बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसूण रंगली नाही, किड्यांनी खाल्ले आहे म्हणजे चालते, या सर्व घरगुती कसोट्या निरर्थक आहेत. हा धागा वाचून कोणी रानात छत्र्या खुडायला जाऊ नये, हे येथेच स्पष्ट लिहून ठेवतो.

१४/
आता वारुळाकडे. अळंबी नेमकी तेथेच का? वाळवी लाकूड-पाचोळा खाते खरी, परंतु तो पचविण्यासाठी तिने कवकाची शेती केली आहे. चावलेल्या पाचोळ्याच्या विष्ठेतून ती वारुळात स्पंजासारखी बाग रचते, त्यावर कवक वाढते, लाकडातील कठीण द्रव्ये फोडते आणि वाळवी ते खाते. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. ही सुमारे तीन कोटी वर्षांची मानली जाते. पावसात त्या बागेतून एक लांब मुळासारखा दांडा माती भेदत वर येतो. आपण पाहतो ती छत्री म्हणजे त्या भूमिगत शेताचा केवळ मोहोर.

१५/
या बागांचे आरंभीचे शास्त्रीय वर्णन आपल्याच देशातील आहे. तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आलेला योहान गेरहार्ड क्योनिग हा लिनियसचा शिष्य. त्याने १७७९ मध्ये वाळवीवर लिहिलेल्या निबंधात वारुळातील कवकाची नोंद केली. या छत्रांना मात्र स्वतंत्र वंश मिळायला १९४२ उजाडावे लागले. तोवर ती इतर वंशांत विखुरलेली होती. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे आँ याने त्यांना ‘टर्मिटोमायसिस’, म्हणजे वाळवीचे कवक, असे नाव दिले. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते. प्रतिकारात सहभागी झाल्यामुळे पुढे आँची रवानगी बूखेनवाल्ड आणि माउटहाउझेनच्या छळछावण्यांत झाली. तो वाचला. १९७९ मध्ये के. नटराजन यांनी दक्षिण भारतातील एका जातीला त्याचे नाव दिले : टर्मिटोमायसिस हाइमी.

१६/
मग महाराष्ट्राने आपल्या कवकांची मोजदाद कधी केली? येथे इतिहास थोडा उपरोधिक आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लाटर यांनी जमविलेल्या नमुन्यांवर १९११ मध्ये युरोपात लेखन झाले. परंतु वसाहतकालीन सरकारला रस होता पिकांच्या रोगांत. भातावरचा करपा, गव्हावरचा तांबेरा, ज्वारीवरची काणी. महसूल पिकातून येतो, छत्रीतून येत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून घडलेल्या पिढीने, श्री. ल. आजरेकरांपासून पुढे, याच वाटेने कवकशास्त्र उभे केले. १९३५ मध्ये उप्पल, पटेल आणि कामत यांची मुंबई इलाख्यातील कवकांची सूची प्रसिद्ध झाली.

१७/
१९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे, म्हणजे कोकणचेच. तेथे प्रा. एम. एन. कामत यांनी कवकशास्त्राचा विभाग उभारला. या संस्थेतील नमुनासंग्रह आजरेकरांच्या नावाने ओळखला जातो. छत्रांची पाळी मात्र उशिरा आली : ए. व्ही. साठे आणि सहकाऱ्यांचा नैर्ऋत्य भारतातील छत्रकवकांवरचा ग्रंथ निघाला १९८० मध्ये. गोरगरीब पिढ्यान्पिढ्या जे खात आले, त्याची नीट शास्त्रीय नोंद व्हायला स्वातंत्र्यानंतर तेहेतीस वर्षे लागली. माझ्या मते यात केवळ शास्त्रज्ञांचा आळस पाहणे अन्यायाचे होईल. जे पदार्थ लिहित्या वर्गाच्या पानात पडत नव्हते, ते त्याच्या सूचीतही पडले नाहीत.

१८/
दरम्यान वर्गीकरणाचा पायाच हलला होता. कवकांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तेच जे खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीवर असते. साठवण स्टार्चची नसून ग्लायकोजेनची, म्हणजे आपल्या यकृतातल्यासारखी. हरितद्रव्य नाही. ही वनस्पती कशी? १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकरने पंचसृष्टी पद्धत मांडली आणि कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली. १९९३ मध्ये बाल्डॉफ आणि पामर यांनी प्रथिनांच्या तुलनेवरून दाखविले की कवकांचे सर्वांत जवळचे नातलग प्राणी आहेत. अळंबी मटणासारखी लागते म्हणणाऱ्या कोकणी जिभेला याचे श्रेय देता येणार नाही, पण मोह होतो खरा!

१९/
या नव्या छाननीत काही जुने सभासद बाहेरही पडले. दक्षिण रायगडात श्रीवर्धनकडच्या सुपारीबागांना कोळेरोग छळतो. त्याचे कारण असलेले फायटोफ्थोरा शंभर वर्षे कवक म्हणून शिकविले गेले. त्याच्या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज असते आणि नाते तपकिरी शैवालांशी निघाले. आज ते कवकसृष्टीत नाही. बागायतदार मात्र बोर्डो मिश्रणच फवारतो. रोगाचे कूळ बदलले म्हणून मोरचूद आणि चुन्याचे काम थांबले नाही.

२०/
रायगडाच्या चिऱ्यांवर दिसणारे करडे, पांढुरके डाग हेही याच कथेचे पात्र आहेत. ते दगडाचे डाग नसून बहुतांशी शैवाक आहेत. मसाल्यातले दगडफूल त्यांचेच भाऊबंद. १८६० च्या दशकात सायमन श्वेंडेनरने प्रतिपादन केले की शैवाक हा एक जीव नसून कवक आणि शैवाल यांचा संयुक्त संसार आहे. तेव्हा त्याची पुष्कळ टर उडविण्यात आली. महाराष्ट्रातील शैवाकांवर विज्ञानवर्धिनीतच पी. जी. पटवर्धन यांनी काम केले. गडावर गेलात तर ते खरवडू नका, त्यावर नावे तर मुळीच कोरू नका. काही शैवाक वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात.

२१/
शेवटी पुन्हा वारूळ, कारण आजचा प्रश्न तेथे आहे. नव्या वाळवी-वसाहतीला बहुतेक जातींत कवक वारशाने मिळत नाही. पहिल्या पावसात उडालेल्या पंखवाल्या जोडप्याची पहिली कामकरी पिढी बाहेर पडते आणि उघड्या छत्र्यांतून विखुरलेले बीजाणू पाचोळ्यासोबत घरी आणते. म्हणजे छत्री उमलली पाहिजे. बाजारात भाव मात्र न उमललेल्या कळीला. शेजारच्या गोव्यात डॉ. नंदकुमार कामत यांनी वर्षानुवर्षे या अमर्याद खुडणीविरुद्ध आवाज उठविला आहे. रस्तारुंदी आणि सपाटीकरणात वारूळच उखडले, तर खुडण्याचाही प्रश्न उरत नाही.

२२/
नागपंचमीला वारूळ पूजावयाचे आणि त्याच सुमारास अळंबीही शोधावयाची, असे कोकणचे श्रावणमास आहे. अळंबीच्या जागा जाणणारे लोक त्या सहसा कोणाला सांगत नाहीत. दरवर्षी तेच वारूळ, तोच आठवडा. नाव, ऋतू, जागा, दांड्याची लांबी, मातीखालचे मूळ, हे सारे त्यांच्या ध्यानात पक्के असते. टर्मिटोमायसिस ओळखताना शास्त्रज्ञही दांडा वरून तोडत नाही; माती उकरून ते लांब मूळ सबंध काढतो, कारण अमॅनिटाच्या बुडाशी असते ती पिशवी आणि वारुळाच्या अळंबीला असते ते मूळ, दोन्ही मातीखालीच दडलेली असतात.

२३/
नामकरणाच्या दप्तराची एक नोंद देऊन थांबतो. जगभर वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचे नियम ज्या संहितेने ठरतात, तिच्या शीर्षकात कवकांचा उल्लेखच नव्हता. ती केवळ ‘वनस्पतिशास्त्रीय’ संहिता होती. २०११ मध्ये मेलबर्नच्या काँग्रेसमध्ये शीर्षक बदलले आणि शैवाले, कवके व वनस्पती अशी तिन्ही नावे आली. २०१३ च्या १ जानेवारीपासून कवकाचे प्रत्येक नवे नाव मान्यताप्राप्त नोंदवहीत दाखल करणे सक्तीचे आहे. त्या नोंदवहीत जातीचा लेखक, वर्ष आणि क्रमांक असतो. वारूळ दाखविणाऱ्याच्या नावासाठी रकाना नाही.